निरोगी मेंदूंचे एमआरआय गोळा करताना: नव्याने काम सुरू करणाऱ्यांसाठी

बासष्ट वर्षांच्या बाईंच्या रिपोर्टमध्ये लिहिलेलं असतं, ‘वयाच्या मानाने मेंदू किंचित आकसलेला’. कोणाच्या वयाच्या मानाने? हा शेरा अनुभवी डोळ्यांनी मारलेला असतो, नाहीतर मेंदूच्या भागांचं आकारमान मोजणाऱ्या सॉफ्टवेअरने त्याच्याकडे साठवलेल्या निरोगी माणसांशी ताडून काढलेला असतो. ती माणसं बहुतेक वेळा अमेरिका-युरोपातली असतात. अनेक वर्षं वापरात असलेला 1988 चा तालेराख नकाशा साठ वर्षांच्या एका फ्रेंच बाईंच्या मेंदूवर आधारलेला होता. आज सर्रास वापरला जाणारा माँट्रियलचा साचा (अनेक मेंदूंची सरासरी काढून केलेला नमुना) 152 तरुण माणसांचा आहे. हैदराबादच्या आयआयआयटीने शंभर भारतीयांच्या स्कॅनवरून साचा तयार केला, तेव्हा मेंदूची उंची, रुंदी आणि आकारमान सरासरीने पाश्चात्त्य आणि पूर्व आशियाई साच्यांपेक्षा कमी भरलं. म्हणजे आपल्याकडचा धडधाकट मेंदू परक्या मापाने मोजला, तर तो उगाचच ‘लहान’ ठरू शकतो.

त्यामुळे आपल्या भागातल्या निरोगी माणसांचा संदर्भसंच, म्हणजेच नॉर्मेटिव्ह डेटा, उभा करणं मोलाचं आहे. हा लेख एका ठरावीक कामासाठी आहे: महाराष्ट्रातलं एखादं शिकवणारं रुग्णालय, तिथलं एक 3 टेस्ला (चुंबकाची ताकद) मशीन, 20 ते 80 वयाची निरोगी माणसं आणि पुढे त्यांच्याशी ताडून पाहायचे स्मृतिभ्रंशाचे रुग्ण.

आधी रुग्ण पाहा, मग निरोगी माणसं शोधा

नवखे लोक पहिली चूक इथेच करतात. होस्टेलवरची मुलं, निवासी डॉक्टर आणि नर्सिंगच्या विद्यार्थिनी हाताशी असतात, आनंदाने तयारही होतात. दोन महिन्यांत ऐंशी स्कॅन जमतात आणि त्यातले सत्तर तिशीच्या आतल्या पदवीधरांचे निघतात. पण तुमच्या बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्या आजी अडुसष्ट वर्षांच्या आहेत आणि चौथी शिकलेल्या आहेत. हा संच त्यांच्या काय कामाचा?

म्हणून सुरुवात रुग्णांच्या नोंदींपासून करा. गेल्या दोन वर्षांत आलेल्या रुग्णांचं वय, लिंग आणि शिक्षण काढा आणि त्याचा तक्ता मांडा. तोच तुमचा भरतीचा तक्ता. दहा-दहा वर्षांचे सहा गट केले आणि प्रत्येक गटात 20 पुरुष व 20 स्त्रिया धरल्या, तर 240 माणसं होतात. एका केंद्राला झेपेल असा हा आकडा आहे. साठीच्या पुढचे गट मात्र याहून मोठे ठेवा, कारण रुग्ण तिथेच आहेत आणि म्हातारपणी माणसामाणसांतला फरकही वाढत जातो. एका गटातल्या फक्त 20 जणांवरून पाचवं पर्सेंटाइल (ज्याच्या खाली फक्त पाच टक्के लोक येतात तो आकडा) सांगायला जाऊ नका. 20 मधले पाच टक्के म्हणजे एक माणूस, आणि त्या एका माणसाच्या डोक्यावर कोणाचंही निदान उभं करता येत नाही. म्हणून गट भरतीपुरते ठेवा. विश्लेषण करताना सगळ्या 240 जणांवरून वयाची सलग वक्ररेषा बसवा आणि त्यात लिंग व कवटीचं आकारमान धरा.

माणसं मिळवायची चांगली जागा म्हणजे रुग्णांचे जोडीदार. घर तेच, जेवण तेच, शिक्षणही बहुधा जवळपासचं. रक्ताची भावंडं आणि मुलं वेगळ्या यादीत ठेवा, कारण आनुवंशिक धोका त्यांच्यातही असू शकतो. ज्येष्ठ नागरिक संघ, भजनी मंडळं, बचत गट, कारखान्यातले निवृत्त कामगार यांच्याकडे जा. एवढं लक्षात असू द्या, की ज्येष्ठ नागरिक संघात नियमाने येणारे लोक आधीच हिंडते-फिरते आणि हौशी असतात. सगळी भरती तिथूनच केली, तर तुमचं ‘सामान्य’ जरा जास्तच चांगलं निघेल.

समितीची परवानगी आणि संमतीपत्र

आयसीएमआरची 2017 ची राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वं समोर ठेवून प्रस्ताव लिहा. संस्थेच्या नैतिक समितीची मंजुरी हातात येईपर्यंत एकही स्कॅन करू नका, ‘फक्त चाचणी म्हणून’सुद्धा नाही. संमतीपत्र मराठीत असावं. ते दुसऱ्या कोणाकडून परत इंग्रजीत करून घ्या आणि मूळ मसुद्याशी ताडून पाहा. वाचता न येणाऱ्यांसाठी तुमच्या चमूबाहेरचा साक्षीदार बसवा.

एक वाक्य ठळक छापा: ‘ही आजार शोधण्यासाठीची तपासणी नाही.’ एमआरआय फुकट होतोय म्हटल्यावर लोक त्याला चेकअप समजतात. मग सहा महिन्यांनी काही दुखलं, की ‘तेव्हा तर सगळं नॉर्मल होतं’ म्हणून घरीच बसतात.

दुसरा मुद्दा अनपेक्षित दोषांचा. काहीच त्रास नसलेल्यांच्या मेंदूतही काहीतरी सापडतं, आणि अगदी क्वचित सापडतं असंही नाही. बऱ्याच अभ्यासांचे एकोणीस हजारांवर स्कॅन एकत्र पाहिले, तेव्हा साधारण 37 जणांमागे एकाला असा दोष होता. रॉटरडॅममध्ये 2,000 मध्यमवयीन आणि वयस्कर लोकांचे स्कॅन झाले. त्यांपैकी 7.2 टक्क्यांच्या मेंदूत जुन्या, लक्षात न आलेल्या इन्फार्क्टच्या (रक्तपुरवठा तुटून मेलेल्या भागाच्या) खुणा होत्या, 1.8 टक्क्यांना रक्तवाहिनीचा फुगा होता आणि 1.6 टक्क्यांना सौम्य गाठ होती. म्हणजे 240 जणांत तुम्हालाही अशी माणसं भेटणारच. ती भेटण्याआधीच तीन गोष्टी लेखी ठरवा: स्कॅन कोणता रेडिओलॉजिस्ट वाचणार आणि किती दिवसांत, माणसाला कोण सांगणार, आणि पुढचे उपचार कोणत्या विभागात होणार. टेबलवरून उतरताना आजोबा विचारतात, ‘काय दिसलं हो?’ टेक्निशियनचं उत्तर ठरलेलं असावं: ‘डॉक्टर बघून कळवतील.’ चेहराही तेवढाच शांत ठेवायला त्यांना शिकवा.

भाडं आणि बुडालेली रोजी द्या, पण लालूच वाटेल एवढी रक्कम नको. डेटा पुढे इतर संशोधकांना द्यायचा असेल, तर त्याची वेगळी संमती पहिल्याच दिवशी घ्या. तीन वर्षांनी 240 घरांची दारं वाजवायला कोणी जात नाही.

‘मला काही आजार नाही’

हे उत्तर खरं असतं, पण अपुरं असतं. ‘काकू, तुम्हाला काही आजार आहे का?’ ‘नाही हो, ठणठणीत आहे.’ ‘सकाळी उठल्यावर कुठली गोळी घेता का?’ ‘हो, ती बीपीची.’ गोळी चालू असली की आजार मिटला, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. म्हणून आजारांची नावं विचारण्याआधी गोळ्यांची पाकिटं घेऊन यायला सांगा.

तंबाखूचंही तसंच. ‘तंबाखू खाता का?’ याला बायका मनापासून ‘नाही’ म्हणतात आणि मिश्री रोज लावत असतात. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, पण घरात तिला दात घासायची वस्तू मानतात. मिश्री, गुटखा, मावा, बिडी आणि दारू यांचे प्रश्न एकेक करून वेगळे विचारा.

त्याच भेटीत पाच मिनिटं बसवून रक्तदाब दोनदा मोजा. उंची, वजन, एचबीए1सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी12 बघा. बी12 वगळू नका. शाकाहारी घरांत त्याची कमतरता भरपूर असते आणि ती मेंदूच्या पांढऱ्या भागावर व स्मरणशक्तीवर परिणाम करते.

आता प्रश्न उरतो कोणाला वगळायचं याचा. पक्षाघात, फिट्स, बेशुद्ध करणारा डोक्याचा मार, मानसिक आजारासाठी झालेला उपचार, केमोथेरपी, दारूचं व्यसन आणि गरोदरपण असेल, तर घेऊ नका. बीपी आणि मधुमेहाबद्दल मात्र आमचं मत बहुतेक नवख्यांना खटकतं. साठीच्या पुढच्या गटातून गोळी घेणारा प्रत्येक जण काढून टाकला, तर उरतात ती विरळा माणसं. त्यांच्याशी ताडलं की सत्तरीची साधी, हिंडती-फिरती बाईसुद्धा आजारी दिसू लागते. म्हणून दोन शिक्के ठेवा: ‘अगदी निरोगी’ आणि ‘निरोगी, पण बीपी किंवा साखर आटोक्यात’. दोघांनाही घ्या आणि कोण कुठल्या शिक्क्याचा आहे याची नोंद ठेवा. विश्लेषणात दुसरा गट हवा तेव्हा बाजूला करता येतो. घेतलाच नसेल, तर नंतर कुठून आणणार?

स्मरणशक्तीच्या चाळणीसाठी मराठीत प्रमाणित केलेली चाचणीच वापरा. इंग्रजी चाचणीचं ऐनवेळी तोंडी भाषांतर करू नका. निरक्षरांना ‘एक वाक्य लिहा’ सांगून गुण कापणं अन्यायाचं आहे. त्यांच्यासाठी हिंदीत मुद्दाम तयार केलेली एचएमएसई (हिंदी मेंटल स्टेट एक्झामिनेशन) ही चाचणी आहे, आणि तशाच धर्तीची, लेखन-वाचन न लागणारी चाचणी घ्यावी. शिक्षण ‘मॅट्रिक’, ‘फायनल’, ‘आयटीआय’ असं न लिहिता पूर्ण केलेल्या वर्षांत लिहा आणि शाळेचं माध्यमही नोंदवा.

डावखुरेपणाही खोदून विचारावा लागतो. जेवणाचा आणि लिहिण्याचा हात आपल्याकडे लहानपणी दटावून उजवा केला जातो. दगड कोणत्या हाताने भिरकावता, खिळा ठोकताना हातोडी कोणत्या हातात असते, केर काढताना झाडूवर कोणता हात वर असतो, हे विचारा. भाषेची केंद्रं मेंदूच्या कोणत्या बाजूला आहेत याचा अभ्यास करायचा असेल, तर हीच उत्तरं उपयोगी पडतात.

चुंबकाच्या दाराशी

जानेवारी 2018 मध्ये मुंबईच्या एका रुग्णालयात ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेलेल्या नातेवाइकाचा जीव गेला. चुंबक कधीच बंद नसतो. रात्री, सुट्टीच्या दिवशी, स्कॅन चालू नसतानाही तो तेवढ्याच ताकदीने ओढत असतो. निरोगी स्वयंसेवकाला या खोलीत जाण्याचा वैद्यकीय फायदा काहीच नसतो, म्हणून शंका आली की स्कॅन रद्द. इथे घासाघीस नाही.

सुरक्षेचा फॉर्म दोनदा भरून घ्या, एकदा फोनवर आणि एकदा दाराशी, दोन वेगवेगळ्या माणसांनी. पेसमेकर, मेंदूतली क्लिप, कानातलं रोपण, इन्सुलिन पंप, दंडावरचा साखर मोजणारा सेन्सर, अंगावर चिकटवलेल्या औषधाच्या पट्ट्या, तांबी याबद्दल विचारा. लेथवर, ग्राइंडिंगला किंवा वेल्डिंगला काम केलेल्यांना ‘डोळ्यात कण गेला होता का?’ हे हमखास विचारा. उत्तर ‘हो’ असेल आणि तो कण निघाल्याची खात्री नसेल, तर आधी डोळ्याचा एक्स-रे.

आपल्याकडच्या अंगावरच्या वस्तूंची यादी परदेशी फॉर्ममध्ये नसते, ती स्वतः जोडा: साडीच्या निऱ्यांना आणि पदराला लावलेल्या सेफ्टी पिना, ब्लाउजचे हूक, जरीचे काठ, केसांचे आकडे, मंगळसूत्र, जोडवी, पैंजण, नथ, कमरेचा करदोटा, दंडातला ताईत. जर म्हणजे धातूचा धागा. तो तापू शकतो, म्हणून साडी बदलून रुग्णालयाचा सुती गाऊन द्या. खेळाच्या काही कपड्यांतही चांदीचे धागे असतात. काजळ आणि मस्कारा पुसायला लावा, नाहीतर चित्रात डोळ्यांच्या मागचा भाग विस्कटतो. मंगळसूत्र काढायला काही बायका कचरतात. हे आदल्या दिवशी फोनवरच सांगितलं, म्हणजे त्या घरून ठरवून येतात आणि दाराशी अवघडलेपण येत नाही. ठेवायला नाव लिहिलेली, बंद होणारी पिशवी द्या आणि ती त्यांच्या नातेवाइकाच्याच हाती सोपवा.

अंबाडा सोडून सैल वेणी एका बाजूला घ्यायला सांगा. अंबाड्यामुळे डोकं कॉइलमध्ये (डोक्याभोवतीच्या पिंजऱ्यासारख्या भागात) नीट बसत नाही आणि हनुवटी छातीकडे वळते.

त्या दिवशी काय खाल्लं-प्यायलं

ही नोंद बरेच जण ठेवतच नाहीत. पस्तिशीनंतर मेंदूचं आकारमान वर्षाला साधारण 0.2 टक्के घटतं आणि साठीपर्यंत हा वेग 0.5 टक्क्यांच्या आसपास जातो. एका अभ्यासात निरोगी माणसांनी सोळा तास पाणी घेतलं नाही, तेव्हा आकारमान तेवढ्यावरच सुमारे अर्धा टक्का उतरलं आणि पाणी प्यायल्यावर परत भरलं. म्हणजे निर्जळी एकादशीला किंवा रोज्याच्या दिवशी आलेला माणूस कागदावर एका वर्षाने, कधी दोन वर्षांनीही म्हातारा दिसू शकतो. उपासाचे दिवस टाळून वेळ द्या. आल्यावर एक पेला पाणी द्या आणि शेवटचं पाणी, चहा, तंबाखू किती वाजता झाली ते लिहून ठेवा. चहाने मेंदूचा रक्तप्रवाह बदलतो, त्यामुळे फंक्शनल स्कॅन (रक्तप्रवाहावरून मेंदूचं काम दाखवणारा) असेल तर ही नोंद फारच लागते. मेंदू सकाळपेक्षा संध्याकाळी किंचित लहान मोजला जातो. रुग्णांमुळे मशीन तुम्हाला रात्रीच मिळत असेल, तर हरकत नाही, पण मग तरुण दुपारी आणि म्हातारे रात्री असं वाटप होऊ देऊ नका.

मशीनवर

मुख्य स्कॅन टी1 3डी, म्हणजे मेंदूची रचना दाखवणारा. सीमेन्सच्या 3 टेस्ला मशीनवर एमपीरेज या टी1 स्कॅनची कन्सोलवर भरायची रूढ मापं अशी: टीआर 2300 मिलिसेकंद, टीआय 900, टीई 3 च्या आसपास, फ्लिप अँगल 9 अंश, व्हॉक्सेल (चित्राचा सर्वांत लहान ठोकळा) सगळ्या बाजूंनी 1 मिमी, 176 ते 208 सॅजिटल (डावीकडून उजवीकडे जाणारे) स्लाइस. यात पाच-सहा मिनिटं जातात. त्यानंतर 3डी फ्लेअर, म्हणजे मेंदूभोवतीच्या पाण्याचा उजेड दाबणारा स्कॅन. हा वगळू नका, पांढऱ्या भागातले डाग आणि बरेच अनपेक्षित दोष यात नीट दिसतात. मग डिफ्युजन (मेंदूतल्या पाण्याच्या हालचालीचा स्कॅन) घ्या, सोबत उलट्या फेज दिशेने काही बी-शून्य (डिफ्युजनचा जोर न लावलेली) चित्रं घ्या, कारण ती नसतील तर कपाळामागची वाकडी झालेली चित्रं सरळ करता येत नाहीत. वेळ उरला तर डोळे उघडे ठेवून, समोरच्या ‘+’ या खुणेकडे बघत दहा मिनिटांचा रेस्टिंग (काही काम न देता घेतलेला) फंक्शनल. डोळे मिटायला सांगितलं, की निम्मे लोक झोपतात. एकूण टेबलवेळ 40 ते 45 मिनिटांच्या वर जाऊ देऊ नका. महत्त्वाचा स्कॅन आधी, कारण चाळिसाव्या मिनिटाला सगळेच चुळबुळ करतात.

हालचाल हा या कामाचा सर्वांत लबाड शत्रू आहे. हललेल्या टी1 मध्ये कॉर्टेक्स (मेंदूचा बाहेरचा थर) पातळ आणि करडा भाग कमी मोजला जातो. वयस्कर माणसं जास्त हलतात. त्यामुळे तुमची ‘वयानुसार घट’ थोडीफार खरी असते आणि थोडी मानेच्या दुखण्याची असते. गुडघ्याखाली उशी द्या, डोक्याच्या दोन्ही बाजूंना फोम घट्ट बसवा, लघवीला जाऊन यायला सांगा, कानात बोळे आणि वर हेडफोन. मशीनचा ठोकण्याचा आवाज आधी मोबाइलवर ऐकवा. ‘हलू नका’ एवढंच सांगू नका, ‘आवाज चालू असताना आवंढा गिळू नका, मध्ये थांबेल तेव्हा गिळा’ असं नेमकं सांगा. प्रत्येक स्कॅनच्या आधी नावाने हाक मारून पुढे किती मिनिटं आहेत ते सांगा.

उजव्या कानशिलावर इ जीवनसत्त्वाची एक कॅप्सूल टेपने चिकटवा. टी1 मध्ये ती पांढऱ्या ठिपक्यासारखी दिसते. पुढे फायली रूपांतरित करताना डावं-उजवं उलटलं, तर हा स्वस्तातला ठिपका वाचवतो.

प्रोटोकॉल कन्सोलवर कुलूपबंद करून ठेवा. मोठं डोकं आलं म्हणून एखाद्याने दयाळूपणे फिल्ड ऑफ व्ह्यू (चित्रात येणारा परिसर) वाढवलं, की व्हॉक्सेलचा आकार बदलतो आणि तो स्कॅन संचातून बाद होतो. माणूस टेबलवर असतानाच टी1 सगळ्या स्लाइसमध्ये सरकवून बघा: नाक दुमडून डोक्याच्या मागच्या भागावर आलंय का, शिरोभाग कापला गेलाय का, कपाळाबाहेर लाटांसारख्या कड्या दिसतात का. दिसत असेल तर तिथेच पुन्हा घ्या. सहा मिनिटांचं काम आहे, नाहीतर माणसाला परत बोलवायचं.

मशीनचीही तब्येत बघावी लागते. फँटमचा (माणसाऐवजी ठेवायच्या ठरावीक मापाच्या चाचणी-वस्तूचा) स्कॅन दर आठवड्याला, त्याच टेबलजागी, त्याच कॉइलमध्ये. सॉफ्टवेअर अपग्रेडची तारीख इंजिनीअरकडून आधीच काढून घ्या आणि चमूतल्या चार-पाच जणांचे स्कॅन अपग्रेडच्या आधी आणि नंतर घ्या. अपग्रेडने आकडे सरकले, तर किती सरकले हे सांगायला दुसरा मार्ग नाही.

फायली

मशीनमधून निघणाऱ्या डिकॉम फायलीच्या आत नाव आणि जन्मतारीख असते. फाइलचं नाव बदललं म्हणून माणूस लपत नाही. सांकेतिक क्रमांक आणि नावाची यादी वेगळ्या, कुलूपबंद जागी ठेवा. डीसीएमटूएनआयआयएक्स या प्रोग्रॅमने निफ्टी (संशोधनात वापरायचा फाइलप्रकार) करा, बिड्सच्या (फायलींची नावं आणि मांडणी ठरवणाऱ्या नियमांच्या) पद्धतीने मांडा आणि मूळ डिकॉमची एक प्रत न छेडता ठेवा. दुसऱ्या कोणाला देण्याआधी चेहरा पुसा, कारण टी1 वरून नाक-डोळे ओळखू येतील इतके उभे करता येतात. मेंदूचे भाग मोजणाऱ्या फ्रीसर्फर या सॉफ्टवेअरची एकच आवृत्ती, एकाच प्रकारच्या संगणकावर, सगळ्यांसाठी. मध्येच नवी आवृत्ती घेतली, तर पहिल्या माणसापासून पुन्हा चालवा. निकालही डोळ्यांनी तपासा: टेम्पोरल टोकाशी मेंदू कापला जातो आणि कवटीखालची ड्युरा (मेंदूवरचं जाड आवरण) कॉर्टेक्स म्हणून मोजली जाते. चांगलं-बरं-बाद असे शेरे दोघांनी स्वतंत्रपणे द्यावेत, आणि ते देताना त्यांना माणसाचं वय माहीत नसावं.

पहिल्या दहा जणांनंतर भरती थांबवा आणि हे सगळं शेवटपर्यंत चालवून बघा. अकराव्या माणसाआधी सापडलेली चूक दहा स्कॅनला पडते.

पंधरा जणांना परत बोलवा

शेवटचं काम बहुतेक प्रकल्पांच्या अंदाजपत्रकात नसतं, ते पहिल्या दिवसापासून धरा. वेगवेगळ्या वयांच्या पंधरा जणांना दोन आठवड्यांच्या आत त्याच मशीनवर, त्याच सुमाराच्या वेळेला पुन्हा स्कॅन करा. दोन आठवड्यांत हिप्पोकॅम्पस (स्मरणशक्तीशी जोडलेला मेंदूचा भाग) आकसत नाही. तरीही दोन्ही आकडे जुळणार नाहीत. जेवढा फरक येईल, तेवढी तुमच्या मोजमापाची चूक. ही चूक प्रत्येक भागासाठी काढा, आणि रुग्णाच्या रिपोर्टमध्ये हिप्पोकॅम्पसचा आकडा लिहाल, तिथे त्याच्या शेजारीच छापा.